प्लास्टिकची करवत

मे महिन्यात माहेरी गेले होते. दादाने घराच्या मागच्या अंगाला चार खोल्या काढून होमस्टे सुरू केल्यापासून तिथे आपण माहेरवाशीण असतो की बिनपगारी मदतनीस, ते नीटसं कळत नाही. त्या दुपारी मी पडवीत बसून, हाताला खोबरेल चोळून, काप्या फणसाचे गरे काढत होते. समोर पुण्याचं एक कुटुंब सोलकढीचे पेले घेऊन सुस्तावलं होतं. त्यांच्यातली दहा-बारा वर्षांची मुलगी बराच वेळ भिंतीकडे बघत होती. भिंतीवर आजोबांच्या तसबिरीखाली, दोन खिळ्यांवर आडवी, आमची करवत टेकवलेली असते. सुताराची नाही, करवत माशाची. सव्वातीन फूट लांब, दोन्ही कडांना दात, रंग जुन्या गुळाच्या ढेपेसारखा. "हे खरं आहे?" मुलीने विचारलं. माझा भाचा तिथेच मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. नववीत आहे. त्याने मानही वर केली नाही. "नाही गं, प्लास्टिकचं आहे. ऑनलाइन मागवलंय." मुलीचा चेहरा पडला. तिचे बाबा हसून म्हणाले, "हल्ली काय काय मिळतं!" दादा कोपऱ्यात हिशेबाची वही घेऊन बसला होता, तोही हसला. मी गऱ्यातली आठळी काढून टोपलीत टाकली आणि काही बोलले नाही.

एवढीच घटना. त्यात कुणाचं काही गेलं नाही.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते 'प्लास्टिकचं आहे' डोक्यात फिरायला लागलं. सकाळी दादाला छेडलं तर तो वैतागला. "अगो, गप रव. उद्या कोणतरी फोटो टाकतलो, परवा फॉरेस्टवालो दारात उभो. मीच सांगलंय तेका, कोण इचारल्यान तर प्लास्टिकचा म्हणान सांग." त्याचंही चुकत नव्हतं. करवत मासा २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसला. आता त्याला पकडायचं नाही, विकायचं नाही, आणि भिंतीवर त्याचं नाक असेल तर ते कुठून आलं हे कागदावर दाखवायचं. आमच्याकडे कागद कुठला असणार? कागदाच्या आधीची वस्तू आहे ती. जिच्यामागे घराचा मान होता, ती करवत अशी हळूहळू घराची चोरी होऊन बसली. चोरी लपवायची सोपी युक्ती म्हणजे ती खोटी आहे असं सांगणं.

लहानपणी आम्हाला तिचं फार वेड होतं. शाळेतल्या मैत्रिणी मुद्दाम बघायला यायच्या. आजीची नजर चुकवून मी तिच्यावरून तळवा फिरवायचे. एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर पॉलिश पेपरसारखी खरखर. ती हाडाची नाही, आपल्या कानाच्या पाळीत असते तसली कूर्चा वाळून टणक झालेली आहे, हे पुष्कळ नंतर कळलं. दात मी कितीदा मोजले असतील! एका बाजूला एकोणीस, दुसऱ्या बाजूला अठरा आणि एक खाच. पावसाळ्यात हवा दमट झाली की तिला अजून सुक्या मासळीचा पुसट वास येतो. नारळी पौर्णिमेला आजी तिला हळदकुंकू लावायची. जिला मारून भिंतीवर लावली तिलाच हळदकुंकू, यात आजीला कधी काही विसंगत वाटलं नाही. मला तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं, पण ते हळदकुंकू थांबलं याचंही वाईट वाटतं. या दोन गोष्टींची सांगड मला अजून घालता आलेली नाही.

आजी त्या माशाची गोष्ट सांगायची. आमच्याकडे रापण होती. म्हणजे आमची एकट्यांची नव्हे, वाडीतल्या पंधरा-वीस घरांची मिळून. होडीतून जाळं अर्धचंद्रासारखं सोडत न्यायचं आणि मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर ओढायचे. पुरुष, बाया, पोरंटोरं, सगळी. त्या दिवशी दोर ओढताना जाळं जड लागलं, तेव्हा लोकांना वाटलं बांगड्याची रास आली. पाणी गुडघाभर उरलं तेव्हा जाळ्यातून करवत वर आली आणि एका हिसक्यात जाळं टराटरा फाटत गेलं. एकाची पोटरी चिरली. मग कुऱ्हाडी आणल्या. चौदा-पंधरा फुटांची मादी होती. तिला वाळूत ओढून फाडली तेव्हा आजी डोक्यावर रिकामी पाटी घेऊन तिथेच उभी होती. पोटात पिल्लं होती. हातभर लांब, पुरती घडलेली, आणि प्रत्येकाच्या तोंडापुढे इवलीशी करवत. गोष्टीत इथे आली की आजी हातातलं काम थांबवायची. "म्यान व्हता गो, म्यान! परत्येक करवतीक पातळ कातड्याचा म्यान. आवशीक आतून लागा नये म्हणान." आणि बोटांनी हवेत ते म्यान दाखवायची, गऱ्यावरचा पापुद्रा सोलावा तसं. एकदा मी विचारलं, "मग पिल्लांचं काय केलंत?" आजीने माझ्याकडे असं पाहिलं की या पोरीला एवढंही कळत नाही. "काय करूचा व्हता? खाल्ली."

पर कुणा व्यापाऱ्याने नेले. काळजाचं तेल होडीला फासलं. मटण मीठ लावून वाळवलं, वाट्याप्रमाणे घरोघर गेलं. आजोबांच्या वाट्याला करवत आली, की त्यांनी मागून घेतली, यावर घरात अजून वाद आहे.

पुण्याला परतल्यावर मी त्या माशाबद्दल वाचत सुटले. आजीचं म्यान खरं होतं. माशांच्या अभ्यासकांनी ते नोंदलेलं आहे: पिल्लू जन्मेपर्यंत त्याच्या दातांवर जेलीसारखं आवरण असतं आणि जन्मल्यावर काही दिवसांत ते गळून पडतं. साठ वर्षांपूर्वी किनाऱ्यावर पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईने ते पाहून त्याला नेमका शब्दही दिला होता. आम्ही त्याला मोरीचा, म्हणजे शार्कचा भाऊबंद समजत होतो, तो निघाला चपट्या पाकटाच्या गोतातला; कल्ले पोटाकडून. ती करवत नुसतं हत्यार नाही, तिच्यावर बारीक बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून गढूळ पाण्यातही लपलेल्या माशाच्या अंगातली वीज त्याला जाणवते. आमच्या खाड्यांचं पावसाळ्यातलं पाणी आठवा, दुधाचा चहा परवडला. तिथे त्याला डोळ्यांची गरजच नव्हती. त्याची पिल्लं खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाच्या आडोशाला वाढतात, आणि मोठी झाली की समुद्रात जातात. म्हणजे माझ्या आजीने पाहिलेली ती मादी बहुधा आमच्याच खाडीकडे बाळंतपणाला निघालेली असावी. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप मिटून ठेवला.

जगात करवत माशाच्या पाच जाती आहेत आणि पाचही संकटात आहेत. कारण शोधायला लांब जायला नको. देवाने जे नाक दिलं तेच जाळ्यात अडकतं. दुसरा मासा जाळ्याच्या आसातून निसटेल, उलटा फिरेल; हा मान हलवतो तसतसा जास्त गुरफटतो. सुती जाळी होती तोवर तो ती फाडून जायचा तरी. नायलॉन आलं, मग ट्रॉलर आले, परांना परदेशात भाव आला, आणि खाडीत वाळूचे सक्शन पंप बसले. अमुक एका गोष्टीने घात केला असं बोट दाखवता येत नाही. बोट दाखवायचंच तर ते फिरून आमच्या पडवीतल्या भिंतीवर येतं.

प्रवासी कबुतरांची शेवटची मादी, मार्था, अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी दुपारी मेली. तारीख आहे, वार काढता येतो, पिंजरा दाखवता येतो. आमच्या करवत माशाला असली तारीख नाही. अधूनमधून कुठल्या तरी बंदरात एखादा सापडल्याची बातमी येते, म्हणून तो संपला असंही म्हणता येत नाही. गावातल्या कुणालाही विचारा, शेवटचा कधी पाहिलास? उत्तर येतं, "झाली की वर्सां." म्हातारं माणूस घरातून दवाखान्यात जातं आणि परत येत नाही, त्याच्यासाठी निदान तेरावं होतं. हा मासा तसाही गेला नाही. रोज थोडा थोडा येईनासा झाला आणि आम्ही सुरमईचा भाव विचारत राहिलो.

वाचता वाचता एका ठिकाणी थबकले. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी जगभरातल्या जुन्या करवतींचे कण गोळा करायचं काम चालवलं आहे. संग्रहालयातल्या, दारूच्या गुत्त्यात टांगलेल्या, कुणाच्या आजोबांच्या दिवाणखान्यातल्या. त्या वाळक्या कूर्चेत डीएनए शिल्लक असतो. पूर्वी किती वैविध्य होतं आणि आता किती उरलं, याचा हिशेब त्यावरून लागतो. फक्त सोबत माहिती हवी: कधी सापडली, कुठे सापडली. ती नसेल तर त्या करवतीचा उपयोग निम्म्याहून कमी होतो. मी उत्साहाने एक मेल लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत अडकले. कधी? कुठे? आमच्या करवतीला चिठ्ठीच नव्हती. होती ती आजी, आणि ती २००९ मध्ये गेली.

चिठ्ठीवरून रानपिंगळा आठवला. हा आपला सातपुड्यातला ठेंगणा पिंगळा. १८८४ नंतर तो कुणाला दिसलाच नव्हता; दिसला म्हणायला एकच पुरावा होता, माइनर्ट्‌झहागेन नावाच्या कर्नलसाहेबाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मारला म्हणून संग्रहालयात दिलेला एक पक्षी. पुढे पामेला रासमुसेन या पक्षितज्ज्ञ बाईंनी त्याचे पक्षी तपासले, तेव्हा कळलं की साहेबाने दुसऱ्यांनी जमवलेले नमुने चोरले होते, टाके उसवून पुन्हा भरले होते आणि त्यांना स्वतःच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. मांडवीचा पिंगळाही असाच, मुळात खानदेशातून आलेला. खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर रासमुसेन आणि त्यांचे सोबती जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा फांदीवर बसलेला सापडला. ११३ वर्षं! तो कुठेही गेला नव्हता, आपण भलत्या गावात शोधत होतो. हा किस्सा मला पूर्वीपासून आवडतो. या वेळी मात्र तो आठवला आणि नववीतला भाचा डोळ्यांपुढे आला. मान वर न करता, प्लास्टिकचं आहे म्हणणारा. साहेबाची आणि त्याची तुलना नको, पोराने बापाला वाचवायला थाप मारली. पण त्या पुण्याच्या मुलीपुरती आमच्या करवतीला आता चिठ्ठी लागली आहे, आणि ती खोटी आहे.

हल्ली मेलेले प्राणी परत आणायच्या बातम्या येतात, तेव्हा मी आधी चिठ्ठी वाचते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोसल कंपनीने जाहीर केलं की डायर वुल्फ परत आला. दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वी संपलेला लांडगा. पांढरीशुभ्र पिल्लं, नावं रोम्युलस आणि रेमस. १३,००० वर्षांपूर्वीच्या एका दातातून आणि त्याहून कितीतरी जुन्या कवटीतून डीएनए मिळवला हे खरंच. पण पिल्लं जन्मली ती साध्या करड्या लांडग्याच्या पेशींत १४ जनुकांमध्ये २० फेरफार करून. बऱ्याच शास्त्रज्ञांनी लगेच सांगितलं की याला डायर वुल्फ म्हणता येणार नाही. म्हणजे पुन्हा वाद चिठ्ठीचाच. त्याआधी २००३ मध्ये स्पेनमध्ये बुकार्डो या नामशेष रानबोकडाचा क्लोन जन्माला आला होता. शेवटची मादी सीलिया २००० साली झाडाखाली सापडून मेली; तिच्या कानाच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. पिल्लू काही मिनिटं जगलं, फुप्फुसं नीट नव्हती. एकदा नामशेष झालेला प्राणी दुसऱ्यांदा नामशेष झाला तो असा, काही मिनिटांत. आणि ते पिल्लू जगलं असतं तरी मादीच, एकटी. जोडीला कोण होतं?

आपल्याकडचा चित्ता घ्या. १९४७ मध्ये आताच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी एका रात्रीत तिघांना गोळ्या घातल्या, १९५२ मध्ये संपल्याचं जाहीर झालं आणि १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ कुनोत उतरले. मी टीव्हीसमोर बसून ते पिंजरे उघडताना पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. नंतर वाटलं, आले ते आफ्रिकेतले, गेलेले आशियाई. गंमत म्हणजे आफ्रिकेतून चित्ते आणायची ही पहिली वेळ नव्हे. आपल्या घाटावरच्या कोल्हापूर संस्थानाने शिकारीसाठी ते मागवले होते, कारण इथले मिळेनासे झाले होते. तेव्हा त्यांना कुणी 'परत आले' म्हटलं नाही. नुसते आणले होते.

यात मी कुणाची टिंगल करते आहे असं वाटेल. तसं नाही. मला हे सगळं बघून हेवा वाटतो. लांडग्यासाठी, मॅमथसाठी प्रयोगशाळा उभ्या राहतात. माझ्या माशाचं काय? त्याला ना आयाळ, ना ठिपके. पण फ्लोरिडात १९९५ मध्ये किनाऱ्यालगत जाळी लावायला बंदी आली, आधी मासा मारायला बंदी आलेलीच होती, आणि तिथला करवत मासा सावकाश सावरायला लागला. तिथेच २०१५ मध्ये एक अजब गोष्ट उघडकीला आली: काही पिल्लांना बापच नव्हता. मादीने नराशिवाय पिल्लं घातली होती, आणि ती मोकळ्या पाण्यात धडधाकट फिरत होती. संख्या इतकी घटली की नर भेटत नसावेत, म्हणून असं झालं असावं, असा अभ्यासकांचा कयास. हे मी फोनवर आईला सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "बायकांका करूकच लागता सगळा."

आपल्याकडेही प्रयोगशाळेवाचून जमलेलं आहेच की. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही मैत्रिणी वेळासला गेलो होतो. पहाटे सुरूच्या बनातून चालत किनाऱ्यावर पोचलो. दोरीच्या मागे शे-दीडशे माणसं, पोरं बापांच्या खांद्यावर. एकाने टोपली उचलली आणि खाली वाळूत काळी, ओली, बिस्किटाएवढी कासवं हलत होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने भाऊ काटदरेंच्या पुढाकाराने २००२ मध्ये हे काम सुरू केलं तेव्हा अंडी खणून विकणं हा तिथलाच काय, आमच्याही गावचा रिवाज होता. अंडी काढणारेच पुढे अंडी राखणारे झाले. त्या पहाटे एक पिल्लू भलत्या दिशेला, लोकांच्या पायांकडे वळलं आणि दीडशे माणसांनी एकदम श्वास रोखला. मागून एक बाई म्हणाली, "अरे वेड्या, तिकडे आई नाहीये." तशी समुद्रातही नव्हतीच, पण कुणी तिची चूक काढली नाही.

कासवालाही चिठ्ठी असते. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या मादीच्या पंखावर धातूची पट्टी सापडली. नंबर ताडून पाहिला तर ती पट्टी २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशात मारलेली. देशाला वळसा घालून आलेली मादी! पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असा समज होता. बोटभर पट्टीने तो हलवला.

करवत माशासाठी वेळास कुठे करणार? कासवाला वाळू असते, घरटं असतं, राखण करता येते. मासा पाण्याखाली असतो आणि त्याची गाठ पडते ती जाळ्यातच. महाराष्ट्रात कायद्याने संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, आणि त्यामुळे कितीतरी कासवं, देवमाशाएवढ्या बहिऱ्या मोऱ्या, म्हणजे व्हेल शार्क, परत समुद्रात गेल्या आहेत. हे दादाला सांगितलं तर म्हणाला, "बरा आसा. पण आदी करवत मासो इलो तर पायजे जाळ्यात."

चिठ्ठीसाठी मी फोन लावत सुटले. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारलं, करवत कधीची? "भूकंपाच्या आदीची. भूकंपात ती पडली नाय? माझ्या पायार पडता पडता रवली. दात तेवाच तुटलो तिचो." म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. मी खूश झाले. भूकंपासारखा साक्षीदार मिळाल्यावर आणखी काय हवं! पण थोरल्या आत्याने लालबागेतून ते सगळं उडवून लावलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे करवत तिच्या लग्नाच्या साली, म्हणजे १९७१ मध्ये आली, कारण लग्नाच्या जेवणावळीत ते सुकं मटण होतं म्हणून व्याही रुसले होते. मग दात? "दात तुझ्या दादान बॅटीन तोडल्यान. तुझ्या बापाशीन मारल्यान नाय तेका?" दादाला विचारलं. तो म्हणाला, मार आठवतो, पण कशासाठी खाल्ला ते आठवत नाही, तेव्हा बरेच मार होते. मेल अजून ड्राफ्टमध्येच पडून आहे. पाठवला तर दादाने लपवलेली गोष्ट मी जगाला सांगितली असं होईल, न पाठवावा तर आजीचं म्यान माझ्याबरोबरच जाईल. रोज उघडते, एक स्वल्पविराम बदलते आणि बंद करते.

चतुर्थीला घर रंगवायला काढलं, तेव्हा करवत खाली उतरवली. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली. पडवीत चटईवर ती ठेवून मी खोबरेलाच्या बोळ्याने पुसत होते आणि भाचा टॉर्च धरून होता. भिंतीवर तिच्या मागे तिच्याच आकाराचा जुन्या निळीचा पट्टा राहिला होता, दातांच्या खाचांसकट. "आते, ह्यां खरां खरां आसा?" त्याने विचारलं. मी चमकले. त्याला ते ठाऊक नव्हतंच! बापाने सांग म्हणून सांगितलं, ते त्याने खरं मानलं होतं. मी त्याचा हात धरून उलट्या दिशेने तिच्यावरून फिरवला. त्याने झटकन मागे घेतला, मग स्वतःहून परत ठेवला.

मग त्याला सगळं सांगितलं. रापण, कुऱ्हाडी, पोटरी, म्यान. खाल्ली, तेही सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं, पण उठला नाही. वहीचा मागचा कागद फाडून आणला आणि पेन्सिलीने लिहायला बसला, मी सांगेन तसं. करवत मासा. मादी. गावच्या किनाऱ्यावर, रापणीत. १९६७ च्या आधी (काकाआजोबा). १९७१ (मोठी आते). दात: भूकंप किंवा बाबा. हे लिहिताना तो हसला. "पिल्लां किती व्हती?" आजी कधी पाच म्हणायची, कधी सात. माझ्या लहानपणी पाच होती, शेवटी शेवटी सात झाली होती. त्याने सात लिहिलं, थोडा वेळ बघत बसला, मग पुढे लिहिलं: किंवा पाच.

दादा पडवीच्या दारात उभा राहून बघत होता. मला वाटलं आता ओरडणार. "लिवा," तो म्हणाला, "पण मागल्या अंगाक लावा."

प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठी घालून ती सुतळीने करवतीच्या रुंद टोकाला बांधली. दोघांनी मिळून ती परत खिळ्यांवर चढवली, चिठ्ठी भिंतीकडे. पिशवीचा एक कोपरा खालून डोकावत होता. भाच्याने स्टुलावर चढून तो बोटाने आत सारला.